पात्यावर नाव कोरताना कोरणीचं टोक वारंवार मोडतं तेव्हा

लोहाराकडून घडवून घेतलेली, न मिटणारी, अखंड पात्याची सुरी. मुठीजवळून नाव कोरायला घेतलं की पहिलं अक्षर अलगद निघतं, दुसऱ्याला हात जड होतो आणि तिसऱ्यात टक्‌ असा बारीक आवाज येऊन कोरणीचं टोक उडतं. धार लावून पुन्हा बसावं, तर चार कापांनंतर तेच. कोल्हापूरकडे मी हे काम हौसेनं करतो, आणि सलग दोन पावसाळे या एकाच अडचणीत माझे गेले. महागडी कोरणी घेतली, हातोडी बदलली, उजेड बदलला. शेवटी उमगलं की लक्षण एकच असलं तरी दुखणी दोन होती. एक कोरणीच्या कोनात होतं, दुसरं पात्याच्या लोखंडात. पहिलं बरं केल्यावर निम्मा त्रास गेला, आणि म्हणूनच दुसऱ्याकडे लक्ष जायला आणखी एक वर्ष लागलं.

कामाला बसण्याआधी एक गोष्ट. उडालेलं टोक टाचणीच्या अग्राहून लहान असतं आणि ते थेट डोळ्याकडे येतं. साधा चष्मा पुरत नाही, बाजू बंद असलेला गॉगल घाला. आणि कोरकाम होईपर्यंत सुरीला धार काढू नका. धार आधीच निघाली असेल तर तिच्यावर चामड्याची पट्टी बांधा.

आधी मोडलेलं टोक बघा

टोक मोडल्यावर आपण चिडून लगेच दगडावर घासायला जातो. तसं केलं की पुरावाच पुसला जातो. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजींचं भिंग घ्या आणि टोक कसं गेलंय ते आधी पाहा.

टोक मोडलेलं नसून झिजून गोल आणि चकचकीत झालेलं असेल, तर ते काहीतरी खरखरीत घासत होतं. घडवलेल्या पात्यावर भट्टीची काळी पपडी राहिलेली असते, तीच बहुतेक वेळा हे करते. पपडी ही लोखंडाची ऑक्साइड असते, कडक आणि कोरणीला काचेसारखी घासणारी. कानशीनं आणि पॉलिश पेपरनं ती पूर्ण काढून, 400 नंबरपर्यंत पृष्ठभाग स्वच्छ चांदीसारखा झाल्याशिवाय कोरणी लावू नका. खोलगट जागी पपडी लपून राहते, पातं उजेडात तिरपं धरून बघा.

टोक वाकून पुढं आलं असेल, खिळ्याचं डोकं ठोकल्यावर चेपतं तसं, तर कोरणी मऊ पडली आहे. ग्राइंडरवर घासताना ती निळी झाली होती का, आठवा. साध्या कार्बन स्टीलची कोरणी 300 अंश सेल्सिअसच्या आसपास निळी होते आणि तिचा कडकपणा उतरतो. एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) कोरणी त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसते, म्हणून लोखंडावरच्या कामाला मी तीच वापरतो. निळा झालेला भाग काढून टाकण्याशिवाय त्याला इलाज नाही.

टोक सरळ कापून टाकल्यासारखं गेलं असेल तर ते कापात कुठं गेलं ते पाहा. सुरुवातीलाच गेलं असेल तर कोरणी फार उभी धरून खोल घुसवली. कापाच्या शेवटी गेलं असेल, तर चिप, म्हणजे कापातून निघणारी धातूची सळ, तोडायला तुम्ही कोरणी खालून वर झटकली. लाकडात ती सवय चालते. लोखंडात टोक चिपेखाली अडकलेलं असतं आणि झटक्यात तेच आधी तुटतं. काप संपवायचा असेल तर कोरणीचा मागचा भाग हळूहळू खाली न्या, म्हणजे काप उथळ होत वर येतो आणि चिप आपोआप सुटते.

आणि टोकाची एकच बाजू टवका उडाल्यासारखी गेली असेल, तर कारण एक तर वळणात आहे किंवा लोखंडात. मला सगळ्यात जास्त फसवलं ते याच खुणेनं.

कोरणीचे कोन

सोनाचांदीवर चालणारी कोरणी तशीच्या तशी लोखंडावर आणणं ही माझी पहिली चूक. हुपरीच्या चांदीकामात हात बसलेल्या एका कारागिरानं मला धरायला शिकवलं, ते सगळं उपयोगी पडलं. पण चांदी आणि पोलाद यांचा प्रतिकार सारखा नाही. चांदीला तोंडाचा, म्हणजे कोरणीच्या पुढच्या तिरप्या कापाचा, 45 अंशांचा कोन छान चालतो. पोलादावर मी तो 50 ते 55 अंशांवर नेला. कोन वाढला की टोकामागं धातू जास्त राहतो आणि टोकाला आधार मिळतो. खालच्या दोन बाजूंमधला कोन 90 ऐवजी 120 अंश ठेवला, म्हणजे खाच रुंद आणि उथळ पडते, अरुंद आणि खोल नाही. नाव वाचायला रुंद खाच जास्त बरी दिसते, हा वरचा फायदा.

टाच, म्हणजे टोकाच्या खाली काढलेला छोटा उतार, 15 ते 20 अंशांचा असावा आणि लांबीला जितका छोटा तितका चांगला. माझी टाच जवळजवळ दीड मिलिमीटर लांब होती. सरळ रेषेत तिचा काही त्रास नव्हता. वळणात मात्र लांब टाच खाचेच्या बाहेरच्या काठावर घासते, काठ चेपते आणि टोकाला आडवा रेटा देते. तेव्हाच टोकाची एक बाजू उडते. टाच अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी केली आणि वळणांवरचं मोडणं लक्षात येण्याइतकं घटलं.

धार लावून झाल्यावर टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा. घसरलं तर धार नाही, अडकलं तर आहे. त्यानंतर मी आणखी एक गोष्ट करतो, ती आधी मनाला पटत नव्हती: अगदी बारीक सिरॅमिक दगडावर टोकाला एकदाच, नकळत म्हणावा इतका स्पर्श देतो. सुईसारखं पहिलं अग्र तेवढंच जातं. ते अग्र असंही पहिल्या कापात मोडणारच असतं. ते आपण काढलं तर सरळ निघतं, पोलादावर सोडलं तर सोबत टवका घेऊन जातं.

देवनागरीची अडचण

कोरकामाचे धडे बहुधा रोमन अक्षरांवर बेतलेले असतात आणि त्यात शिरोरेघेचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे प्रत्येक काना वर जाऊन एका आडव्या खाचेला भिडतो. आधी कोरलेल्या खाचेत कोरणी उतरली की टोक क्षणभर अधांतरी होतं आणि हातातला जोर त्याला समोरच्या भिंतीवर नेऊन आपटतो. माझी कितीतरी टोकं अशी गेली.

मी आता शिरोरेघ आधी कोरतो, पण अगदी उथळ, एकाच फेरीची. मग प्रत्येक काना खालून वर, शिरोरेघेकडे आणतो. शेवटच्या मिलिमीटरला हातोडीचे ठोके निम्म्याहून हलके करतो. चिप शिरोरेघेच्या खाचेत सुटून पडते, झटका द्यावा लागत नाही. सगळी अक्षरं झाल्यावर शिरोरेघ दुसऱ्या फेरीत खोल करतो. तेव्हा कान्यांची तोंडंही साफ होतात. वरून खाली काना कोरायचा मोह होतो कारण आपण लिहितो तसंच. पण मग खालच्या टोकाला काप मोकळ्या धातूत संपवावा लागतो आणि तिथं चुकण्याची शक्यता वाढते.

म, भ, स यांच्या गाठी आणि ळ चे दोन्ही गोल कोरताना हात फिरवू नका, काम फिरवा. गोल फिरणारा व्हाइस नसेल तर पातं एका जाड लाकडी ठोकळ्यावर राळेनं घट्ट बसवा आणि ठोकळा वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवून फिरवा. सोनार नक्षीला राळ वापरतात तीच. पातं खाली थोडं जरी हललं किंवा नाचलं तरी टोक जातं, म्हणून पात्याच्या पोटाखाली पोकळी राहू देऊ नका.

इतकं केल्यावर मला वाटलं, प्रश्न सुटला. उन्हाळाभर खरंच सुटला होता.

तरीही मोडतंय? मग लोखंड तपासा

पुढच्या आषाढात मित्राच्या आईसाठी सुरी केली. नाव होतं सुमन. ‘सु’ नीट निघाला, ‘म’ च्या गाठीत टोक गेलं. धार लावली, ‘म’ कसाबसा संपवला, ‘न’ मध्ये दोनदा गेलं. मी गाठीला दोष दिला. त्याच लोखंडाची दुसरी सुरी पडून होती, तिच्यावर मुठीच्या अगदी जवळ नुसता ‘म’ कोरून पाहिला. अजिबात मोडलं नाही. मग त्याच सुरीवर पात्याच्या टोकाच्या दिशेनं पुढं जाऊन साध्या आडव्या रेघा मारल्या, तर तिसऱ्याच रेघेला टवका उडाला. म्हणजे अक्षराचा काही संबंध नव्हता. जागेचा होता.

तिथं नवीन बारीक कानस लावून पाहिली; कानस धरली तर लोखंड मऊ, घसरली तर कडक. मुठीजवळ, जिथं पातं पाच मिलिमीटर जाड होतं, कानस धरत होती आणि भुकटी पडत होती. चार बोटं पुढं, जिथं पाठ तीन मिलिमीटरवर आली होती, तिथं कानस मध्येच घसरायची आणि आवाज किणकिणता यायचा. मी आधीही कानशीची परीक्षा घेतली होती, पण फक्त मुठीजवळ. नाव जिथवर जाणार तिथवर, दर पाच मिलिमीटरला कानस लावून बघा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर डझनभर कोरण्या वाचल्या असत्या.

आता कारण. आमच्याकडे ऊसतोडीचे कोयते, विळे, सुऱ्या बहुतेक ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून होतात. पाटा हे चांगलं स्प्रिंग स्टील असतं, कधी सिलिकॉन-मँगनीजचं, कधी क्रोम-व्हॅनेडियमचं. कोणत्या गाडीचा कोणता पाटा, हे भंगारात सांगता येत नाही. क्रोम-व्हॅनेडियमचं पोलाद जाड असताना बऱ्यापैकी निमूट असतं. पण घडवून पातळ केलं आणि लाल असताना नुसतं वाऱ्यावर ठेवलं तरी पातळ भाग अर्धवट कडक होतो. तेलाची गरजही लागत नाही. आणि पाटा न तापवता थेट कापून, घासून सुरी केली असेल तर तो गाडीखाली होता तितकाच कडक असतो, साधारण 40 ते 48 रॉकवेल सी (कडकपणा मोजायचं माप). कोरायला ते जड आहे.

पण आमचं पातं तर सावकाश गार होऊन मऊ व्हावं म्हणून रात्रभर राखेत पुरलं होतं. मी ते स्वतः पाहिलं होतं. म्हणून मी राखेवर संशय घेतलाच नाही. माझ्या वहीत प्रत्येक सुरीची तारीख आणि किती टोकं गेली ते लिहिलेलं असतं. पानं मागं उलटली तेव्हा दिसलं की कोन सुधारल्यानंतरचं जवळजवळ सगळं मोडणं आषाढ-श्रावणातलं होतं. वही घेऊन लोहारकाकांकडे गेलो. त्यांनी राखेच्या डब्यात हात घातला, मूठ वळली आणि उघडली. राखेचा लाडू झाला होता.

“ओली हाय ही. आणि पातळ जिनसाला नुसती राख पुरत नाही, संगतीला जड काहीतरी तापवून ठेवायला लागतंय.”

दोन वाक्यांत सगळं आलं. लाकडाची राख हवेतला ओलावा ओढते. ओली राख उष्णता धरून ठेवायच्या ऐवजी वाफेत घालवते. आणि कोरडी राख असली तरी तीन मिलिमीटरच्या पात्यात मुळात उष्णता थोडीच साठलेली असते, ते लवकर गार होतं. जाड भाग सावकाश गार होऊन मऊ पडला, पातळ भाग झपाट्यानं गार होऊन कडक राहिला. मुठीजवळ कानस धरत होती आणि पुढं घसरत होती, ती यामुळं.

आता आम्ही असं करतो. राख आदल्या दिवशी मोठ्या कढईत भाजून कोरडी करतो आणि झाकणाच्या डब्यात ठेवतो. पातं तापवताना शेजारी पहारीचा एक वीतभर तुकडाही लाल करतो. राखेत आधी तो तुकडा, मग त्याला लागून पातं, वर पुन्हा राख, आणि डबा बंद. सकाळी उघडतो तेव्हा तुकडा अजून हाताला गरम लागतो.

किती तापवायचं? पूर्ण मऊ करायचं असेल तर चुंबक चिकटायचं थांबेपर्यंत, आणि त्याहून किंचित जास्त. लोखंडाचं चुंबकत्व 770 अंशांच्या आसपास जातं, म्हणून चुंबक हा भट्टीवरचा सगळ्यात भरवशाचा तापमापक. पण कोरकामासाठी मला दुसरी रीत जास्त आवडते. चुंबक अजून चिकटतोय अशा गडद लाल रंगावर, सांजावलेल्या उजेडात जेमतेम दिसेल इतकंच, पातं काही मिनिटं धरायचं आणि राखेत गार करायचं. असं तीनदा. यात पोलाद पुन्हा कडक होण्याच्या तापमानापर्यंत पोचतच नाही, त्यामुळं गार होण्याचा वेग थोडा चुकला तरी घात होत नाही. पपडीही कमी धरते. भर पावसाळ्यात मी हीच रीत वापरतो.

यानंतर कानस मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी धरायला हवी. तसं झालं की चिप तुटक भुकटीसारखी न येता कुरळी, सलग निघते. तशी चिप दिसली की पुढं काळजी नाही.

कोरल्यानंतर पाणी द्यायचं, म्हणून काय सांभाळायचं

नाव मऊ पात्यावर कोरायचं आणि पाणी (म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक करणं) नंतर द्यायचं, हा क्रम ठरला की नवे प्रश्न येतात. अणकुचीदार तळाची खाच ही पात्यातली कमजोर रेघ असते आणि तेलात बुडवताना तडा तिथून सुरू होऊ शकतो. म्हणून नाव पाठीच्या बाजूला आणि मुठीजवळच्या जाड भागात ठेवा, धारेपासून लांब. खोली पाव मिलिमीटरच्या आसपास पुरते. त्याहून उथळ केलं तर पाणी दिल्यावर घासकामात अक्षरं पुसट होतात. पात्याचं बाकी सगळं घासकाम कोरण्याआधी उरका, नंतर फक्त शेवटचा हात राहू द्या.

भट्टीत खाचांत पपडी भरू नये म्हणून पातं थोडं तापलं की त्यावर टाकणखार (बोरॅक्स) भुरभुरतो. तो वितळून काचेसारखा थर धरतो. तेलातून निघाल्यावर गरम पाण्यात बराच वेळ ठेवून पितळी ब्रशनं घासला की सुटतो. उरलेली पपडी व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून जाते. व्हिनेगरनंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायला विसरू नका, नाहीतर खाचेतून गंज सुरू होतो. मग 200 अंशांवर दोन-दोन तासांचे दोन टेम्पर, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला दिलेले शेक. घरच्या ओव्हनमध्ये होतात, पण ओव्हनचा काटा खोटं बोलतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

सुरी आधीच कडक असेल तर

कुणी तयार, पाणी दिलेली सुरी आणून दिली तर परिस्थिती वेगळी. तिथं एचएसएस टिकत नाही, कार्बाइडची कोरणी लागते, आणि कार्बाइड कडक तितकंच ठिसूळ. तोंडाचा कोन 55 अंश, टाच 20 अंश, खाच केसासारखी उथळ, तीन-चार फेऱ्यांत खोल करत न्यायची. धार लावायला हिऱ्याचाच दगड.

गॅसच्या ज्योतीनं मुठीजवळचा भाग निळा करून मऊ करता येतो. धारेचा भाग तेवढा वेळ पाण्यात बुडवून ठेवायचा. मी हे दोनदा केलं, एकदा उष्णता धारेकडे सरकली आणि ती सुरी पुन्हा भट्टीत घालावी लागली. दुसऱ्याच्या सुरीवर मी हे करणार नाही. त्याऐवजी मुठीच्या तोंडाशी पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा गार्ड असेल तर नाव तिथं कोरतो. तिथं चांदीची कोरणी चालते आणि नाव कमी शोभत नाही.

सुमनमावशींच्या पात्याला शेवटी पुन्हा तीनदा गडद लाल करून, पहारीच्या तुकड्यासोबत राखेत ठेवलं. खाचेत आधीच अडकलेला टोकाचा एक कण होता, तो भिंगाखाली सुईनं काढावा लागला. तो तसाच ठेवला असता तर नवी कोरणी त्याच्यावर पहिल्याच कापात गेली असती, तेव्हा पुन्हा बसण्याआधी जुन्या खाचा भिंगातून तपासा. मग ‘न’ एका धारेत संपला.